दुकानातल्या कॅमेऱ्यावर रात्री कोणीतरी लॉगिन मारतंय, पोर्ट बदलू का?

पेठी_दुकानदार:
पुण्यात नारायण पेठेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि घर धायरीला. दुकानात एक आयपी कॅमेरा आहे, वडील घरून मोबाईलवर बघतात. स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) घेतलाय, कॅमेरावाल्याने राउटरमध्ये ८० (वेब पान) आणि ५५४ (व्हिडिओ) हे पोर्ट फॉरवर्ड करून दिले, म्हणजे बाहेरून त्या दारांवर आलेलं थेट कॅमेऱ्याच्या आतल्या पत्त्यावर जातं, पासवर्ड अजून खोक्यावर छापलेला तोच आहे आणि तो पठ्ठ्या आता फोन उचलत नाही. गेल्या गुरुवारी लाइट गेली, परत आल्यावर घरून कॅमेऱ्याऐवजी चक्क प्रिंटरचं पान उघडलं, टोनर १८ टक्के शिल्लक वगैरे! दुकानात येऊन बघतो तर कॅमेरा आतल्या पत्त्यात .६४ वरून .७१ वर गेलेला आणि .६४ प्रिंटरने पटकावलेला. त्या गडबडीत कॅमेऱ्याचा लॉग उघडला, तर रात्री तीनला ओळीने 'इल्लीगल लॉगिन', कधी अ‍ॅडमिन कधी रूट. पोर्ट नंबर बदलला की थांबेल का हे?

कोथरूडकर_वायरिंगवाला:
आयपीचं सोपंय, राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या भागात, कॅमेऱ्याच्या मॅक अ‍ॅड्रेसला (यंत्राच्या कायमच्या नंबराला) .६४ बांधून टाका. बाहेरचा पोर्ट ८० चा ४८०८० करा, आतला ८० तसाच राहू द्या. माझ्याकडे तीन वर्षं असंच चालू आहे, काही झालं नाही.

रात्रपाळी:
मॅकचं बरोबर, पोर्टचं नाही पटलं. स्कॅन करणारी यंत्रं ६५,५३५ च्या ६५,५३५ दारं ठोठावू शकतात, नंबर बदलून लॉग जरा शांत होईल आणि तुम्ही निवांत झोपाल एवढंच. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने (हॅक केलेल्या यंत्रांची फौज) साठेक फॅक्टरी पासवर्डांची यादी घेऊन टेलनेट या जुन्या रिमोट लॉगिनवरून लाखो कॅमेरे आणि राउटर घशात घातले होते, त्यामुळे तो खोक्यावरचा पासवर्ड आज, आत्ता बदला. पण पासवर्ड भारी असला तरी फर्मवेअरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरला, भोक असेल तर लोक लॉगिन न करताच आत शिरतात, म्हणून फर्मवेअर अपडेट करा आणि दोन्ही फॉरवर्ड सरळ काढून टाका. यूपीएनपी (यंत्रांना स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) राउटरवर पण बंद आणि कॅमेऱ्यात पण बंद, नाहीतर तुम्ही हाताने बंद केलेलं दार कॅमेरा मागून स्वतःच उघडतो. घरून बघायला वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून दुकानाच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) टाका, यूडीपी ५१८२० एवढा एकच पोर्ट उघडा, किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. आणि वडिलांना अ‍ॅडमिन कशाला? फक्त लाइव्ह बघायचा वेगळा यूजर काढा.

पेठी_दुकानदार:
राउटरमध्ये वायरगार्डच नाहीये हो.

रात्रपाळी:
मग जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) बघा, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारून या, त्यावर वायरगार्ड नाहीतर टेलस्केल (तसलंच व्हीपीएन). टेलस्केलला तर पोर्ट उघडायचीही गरज नाही. फक्त एक खोच आहे, घर आणि दुकान दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर व्हीपीएन लागूनही कॅमेरा दिसणार नाही, कारण मोबाईल तो घरातच शोधत बसतो. दुकानाचं नेटवर्क १९२.१६८.५० करा. पण आधी कॅमेरा डीएचसीपीवर आहे ना बघा, आयपी हाताने टाकलेला असेल तर राउटरचं नेटवर्क बदलल्यावर तो जुन्याच पत्त्यावर अडकून पडेल.

कोथरूडकर_वायरिंगवाला:
हे दोन्हीकडे .१ असल्याचं मी पण एकदा भोगलंय, अख्खा रविवार गेला होता. माझा ४८०८० पण बंद करतो आता, बघून घाबरलो.

पेठी_दुकानदार:
झालं सगळं. यूपीएनपीच्या यादीत तीन नोंदी सापडल्या ज्या मी कधी केल्याच नव्हत्या. अजून एक गंमत, कॅमेऱ्याचं घड्याळ जीएमटी अधिक ८ वर होतं, म्हणजे लॉगमधले रात्रीचे तीन हे आपले साडेबारा. टाइमझोन साडेपाचवर आणून एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) चालू केलं. रास्पबेरी पाय बसवल्यापासून लॉग गेले चार दिवस रिकामा आहे. वडील फक्त विचारतायत, मोबाईलवर वर ही (व्हीपीएनची) बारकी किल्ली कसली दिसते आणि ती काढता येईल का.