मदत हवी आहे: कोर्टाने समाजसेवेला पाठवलेल्या माणसाला काम कोणतं द्यायचं?

नमस्कार मंडळी. एका लहान नगरपरिषदेत आरोग्य विभागात मुकादम आहे, गाव सांगत नाही. सोमवारी तिशीतला एक पोरगा कोर्टाचा कागद घेऊन आला. दारू पिऊन बसस्थानकावर धिंगाणा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५, पाच दिवस समाजसेवा. आमच्याकडे असलं पहिल्यांदाच. साहेबांनी 'मुकादम यांनी कार्यवाही करावी' असा शेरा मारला आणि मोकळे झाले.

पहिल्या दिवशी झाडू देऊन बाजारपेठेत उभा केला. लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. पोरगा खाली मान घालून एकाच दुकानाची पायरी झाडत राहिला. फोटोवाल्यांना मी हाकललं, पण चूक माझीच होती. चहाच्या वेळी म्हणाला, "मुकादम, चोवीस तास आत बसलो असतो तर परवडलं असतं."

आता साहेब म्हणतात, मेन रोडचं तुंबलेलं चेंबर त्याच्याकडून उपसून घ्या, फुकटचा माणूस आहे. मी माझ्या माणसांनाही आत उतरवत नाही. तिकडे ठेकेदाराकडच्या बायका विचारतात, असे फुकटचे येत राहिले तर आमची हजेरी कापणार का?

मस्टरवर नाव चढवलं तर पगार काढावा लागेल, म्हणून वेगळी वही केली आहे. चालेल ना? तो आलाच नाही तर काय करायचं? आणि काम करताना हातपाय मोडला तर कोणाच्या गळ्यात?

प्रतिसाद:
वही बरोबर आहे, रोज त्याची सही घ्या. ही शिक्षा १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आली. नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २३ एवढंच सांगतं की काम समाजाच्या उपयोगाचं हवं आणि मोबदला मिळणार नाही. तास किती, देखरेख कोणाची, हे तिथे नाही. म्हणून आदेशाची प्रत नीट वाचा. आला नाही तर कोर्टाला लेखी कळवा, पुढचं कोर्ट बघेल. चेंबरचं नाव काढू नका. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारात धोकादायक सफाईला माणूस लावणं स्थानिक संस्थेलाही बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साहेबांना तोंडी सांगू नका, टिपणी ठेवा.

धागाकर्ता:
आभारी आहे वकीलसाहेब. टिपणी ठेवली. पोरगा उद्यापासून रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायला. तिथे फोटो काढायला कोणी येत नाही. हातपाय मोडण्याचं मात्र राहिलंच, कोणाला अनुभव असेल तर सांगा.