जादुई, मंतरलेली की भारलेली? : कल्पित अरण्यातल्या वनस्पतींसाठी शब्द हवे आहेत

वेलबुट्टी (नौपाडा, ठाणे)
आमचा गट रविवारी टेबलाभोवती बसून, फासे टाकत, कल्पित जगातला भूमिकाखेळ खेळतो. येत्या मोहिमेसाठी सूत्रधार या नात्याने मी तिथल्या अरण्याची वनस्पतिसूची मराठीत लिहीत आहे. शीर्षक ‘जादुई वनस्पती’ असे दिले होते. एका ज्येष्ठ खेळाडूने ‘जादुई’ हा शब्द हिंदीतून आला आहे, ‘जादूच्या’ म्हणावे, असे सांगून तो खोडला, तर दुसऱ्याने ‘मंतरलेल्या’ सुचवला. माझी अडचण मात्र निराळी आहे. आमच्या नियमांत मंत्र उतरवण्याची एक विद्या आहे. कुणी मंत्र घालून बोलती केलेली वेल त्या विद्येने मुकी होते, पण जी वेल बीजापासूनच बोलते तिच्यावर तिचा काही परिणाम होत नाही. दोन्हींना एकच विशेषण लावले, तर ऐन खेळात भांडण ठरलेले. या दोन प्रकारांना मराठीत कसे वेगळे करावे?

नेरूळकर
जादूची कांडी, जादूचा दिवा, जादूची सतरंजी असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. षष्ठी विभक्तीने इतके सहज भागत असताना ‘जादुई’ची गरज काय, हे मला खरोखर कळत नाही. ज्येष्ठांचे ऐकावे.

रानवाटा
नेरूळकर, मुळात ‘जादू’ हा शब्दच फारसीतून आलेला आहे. कागदी, रेशमी, जहरी हे सगळे चालते, मग ‘जादुई’वरच बंदी का? शिवाय ‘जादूची वनस्पती’ म्हटल्यावर जादू करण्यासाठी लागणारी वनस्पती, असाही अर्थ निघतो. वेलबुट्टींना नेमका तोच घोटाळा टाळायचा आहे.

आजोळ कर्जत
वेलबुट्टी, पहिल्या प्रकारासाठी शब्द घरातच आहेत. अंगारा मंतरतात, दोरा भारतात. ‘मंतरलेली’ किंवा ‘भारलेली’ म्हणताच कुणीतरी केलेली कृती गृहीत धरली जाते, आणि केलेले असते ते उतरवता येते. दुसऱ्या प्रकाराला माझ्या मते विशेषणच लावू नये. आपल्या लोकांनी झाडांना नावे दिली ती त्यांच्या स्वभावावरून. लाजाळूला कोणी ‘लाजणारी वनस्पती’ म्हणत नाही. 2012 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या कासच्या पठारावर ‘सीतेची आसवे’ नावाचे निळसर जांभळे फूल येते. ती वनस्पती कीटकभक्षी आहे, हे नाव ऐकून कुणाच्याही मनात येणार नाही. तिथलेच ‘दवबिंदू’ही तसेच. थेंब दवाचे वाटतात, प्रत्यक्षात तो चिकट द्रव असतो आणि कीटक त्यात अडकून मरतो. खेळासाठी याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

वेलबुट्टी
फार मोलाची सूचना, आभारी आहे. त्या धर्तीवर काही नावे केली आहेत. भूमध्य समुद्राकाठी होणाऱ्या मॅन्ड्रेकचे मूळ माणसासारखे दुभंगलेले असते, आणि ते उपटताना किंकाळी फोडते व ऐकणारा मरतो, अशी युरोपात समजूत होती. म्हणून ते कुत्र्याला बांधून उपटवत. त्याला मी ‘किंकाळमुळी’ म्हटले. वाटसरूला दिशा विसरायला लावणाऱ्या वेलीला ‘भूलवेल’ म्हटले, पण हे नाव ऐकताच एका खेळाडूने विचारले, ‘हिचा रस पाजला तर पहारेकरी बेशुद्ध पडेल का?’

नेरूळकर
तो असे विचारणारच, कारण आज ‘भूल’ म्हटले की शस्त्रक्रियेआधीची भूल आठवते. वाट चुकवणाऱ्याला आमच्याकडे ‘चकवा’ म्हणतात. ‘चकवेल’ करावे.

आजोळ कर्जत
नाही, काका, चकवा हे भूत आहे, वनस्पती नव्हे. चकवा लागतो, तेव्हा माणूस रात्रभर त्याच त्या बांधावर फिरत राहतो. आमची आजी सांगायची की रानात एक वेल असते, ती नकळत ओलांडली की ‘रानभूल’ पडते. तिथे बेशुद्धीचा संबंध नाही. माणूस चालता-बोलता असतो, फक्त ओळखीची वाट त्याला अनोळखी वाटते. तेव्हा ‘रानभुलीची वेल’ म्हणावे.

नेरूळकर
‘चकवा’ चक्रावरून आला असावा, कारण माणूस गोल गोल फिरतो.

रानवाटा
चकणे, चकवणे ही क्रियापदे डोळ्यांसमोर असताना चक्रापर्यंत जाण्याचे कारण दिसत नाही. फसवतो तो चकवा.

शतमुळी (वाशी)
मला मूळ यादीतल्या ‘वनस्पती’ या शब्दाबद्दलच बोलायचे आहे. चरकसंहितेत वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी असे चार गट आहेत. फळ पिकले की जी मरते ती ओषधी. औषध हा शब्द त्यावरूनच आला. या व्याख्येने येऊरच्या डोंगरावरची कारवीही ओषधीच ठरते. सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा करायचा, बी धरायचे आणि वाळून जायचे. मग पाऊस लागला की सुकलेली बोंडे तडतड फुटून बी उडते. हे पाहिलेल्याला निराळी जादू कल्पावी लागत नाही. रामायणातल्या मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी यांची नावे कार्यावरूनच पडली आहेत. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त हिमालयावरच्या ओषधी रात्री तेलावाचून दिव्यांसारख्या उजळतात. म्हणून खेळात उजेड देणाऱ्या शेवाळाला ‘दीप्तिकरणी’ म्हणावे, असे सुचवते.

आजोळ कर्जत
शतमुळीताई, नाव सुरेख आहे, पण रानात गुरे राखणारा माणूस ‘दीप्तिकरणी’ म्हणेल का? तो ‘उजेड्या’ म्हणेल.

शतमुळी
मग दोन्ही ठेवावीत. राजवैद्याच्या पोथीत दीप्तिकरणी आणि पाड्यावर उजेड्या. दोन नावे एकाच वनस्पतीची आहेत, हे खेळाडूंनी शोधून काढावे. कोड्याची सोय आयतीच होईल.

वेलबुट्टी
हे मी नक्की वापरणार. शीर्षकाचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. त्याशिवाय एक नवी अडचण आली. बोलणाऱ्या वेलीचे संवाद लिहिताना ती ‘मी पाहत होते’ म्हणेल की ‘मी पाहत होतो’? मी आतापर्यंत स्त्रीलिंगी लिहिले आहे.

नेरूळकर
‘तो वेल’. आमच्या घरी कारल्याचा वेल मांडवावर चढतो. पुल्लिंगीच लिहावे.

रानवाटा
आणि ‘ती वेल’ही तितकीच रूढ आहे, जाईची वेल म्हणताना कोण अडखळतो? दोन्ही लिंगे मराठीत चालतात. मंतरलेली बोलते ती मंत्र घालणाऱ्याच्या लिंगाने आणि जन्मतः बोलणारी स्वतःच्या, असे ठरवले, तर तुमचा पहिला प्रश्न क्रियापदातच सुटेल.

नेरूळकर
व्याकरण असे सोयीने वाकवता येत नाही. कारल्याचा वेल तो वेलच.