सोफ्याचं कापड: रंगाआधी वीण बघा

नाशिकमध्ये सोफा बनवून घेताना रेक्झिन लावावं की मखमली कापड, हा तुमचा प्रश्न. त्यावर इतरांची बहुतेक चर्चा रंगावरच झाली, म्हणून थोडी भर घालते.

आधी कापड घासणं किती सोसतं ते विचारा. चांगल्या नमुन्यांवर मार्टिनडेलचा आकडा, म्हणजे चाचणीत कापड किती वेळा घासलं तरी टिकतं तो आकडा, छापलेला असतो. रोजच्या बैठकीसाठी २०,००० च्या खाली उतरू नका.

स्वस्त पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेलं) रेक्झिन मी तरी घेणार नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने आणि घामाने त्याचा वरचा थर सुटतो, पापुद्रे निघतात आणि मग अख्खं कव्हर बदलावं लागतं.

मखमल घ्यायची तर लव (वरचे बारीक उभे तंतू) कुठल्या दिशेला वळते ते बघा. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत तर एकाच सोफ्यावर दोन छटा दिसतात. असं एकाच दिशेने कापायचं म्हणून कापड जास्त लागतं. पन्हा (कापडाची रुंदी) बहुधा ५४ इंच असतो, पण किती मीटर लागेल ते कारागिराकडून काढून घ्या आणि सगळं एकाच लॉटमधलं (एकाच वेळी रंगवलेलं) उचला.

खिडकी पश्चिमेला असेल तर गडद सुती नकोच, एप्रिल-मेच्या उन्हात विटेल. आणि हो, घरात मांजर असेल तर सैल, फासेदार विणीचं कापडही टाळा, नखं अडकतात.