एक्सेलमधली सर्व्हरयादी बंद करून डिस्कव्हरी टूलवरच क्लाउड मायग्रेशन आखावं का?

पॅचकॉर्ड (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. ज्या कंपनीकडं ३००-४०० सर्व्हर आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त वर्षभरात क्लाउडवर न्यायचे आहेत, तिनं हातानं भरलेली यादी आधाराला घेणं थांबवावं. डिस्कव्हरी टूल (नेटवर्कवरची मशीन आपणहून शोधून नोंदवणारं साधन) लावावं, त्याला दिसेल तीच यादी खरी मानावी आणि मायग्रेशन त्यावरूनच आखावं.

एक्सेलमध्ये सर्व्हर आला त्या दिवशी एक ओळ वाढते. नंतर रॅम ३२ ची ६४ होते, व्हीएमचे (आभासी मशीनचे) दोन क्लोन निघतात, चाचणीसाठी उभं केलेलं मशीन हळूहळू रोजच्या कामाचं होऊन बसतं. ती ओळ मात्र आहे तशीच राहते.

व्हीएम चालवायला व्हीएमवेअर असेल तर सुरुवात सोपी आहे. अझुर मायग्रेट या मायक्रोसॉफ्टच्या टूलचा अप्लायन्स (माहिती गोळा करणारं मशीन) व्हीसेंटरला (व्हीएमवेअरच्या नियंत्रण केंद्राला) फक्त वाचण्याचे हक्क असलेल्या खात्यानं ४४३ पोर्टवरून जोडायचा. एकाही सर्व्हरवर एजंट (आत बसून माहिती पाठवणारा प्रोग्राम) न टाकता कोअर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळं येतं. वापराचे आकडे तो दर २० सेकंदांनी घेतो आणि दर १० मिनिटांना त्यातला सर्वात वरचा आकडा ठेवतो. महिनाभर चालू ठेवून ९५ वं पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के नोंदी येतात तो आकडा) काढायचं. समजा १६ व्हीसीपीयूच्या (आभासी प्रोसेसरच्या) मशीनचा आकडा १८ टक्के आला: १६ × ०.१८ = २.८८, त्यावर १.३ पट मोकळीक धरली तर ३.७४. म्हणजे ४ व्हीसीपीयू पुरतात. एक्सेलवरून गेलात तर १६ चं भाडं भराल, तेही दर महिन्याला.

बाराखणी

सायझिंगबद्दल वाद नाही. "दिसेल तीच यादी खरी" याला माझा पूर्ण विरोध आहे.

आयपी पत्त्यांच्या ज्या पट्ट्यात स्कॅन लावलं, ज्या फायरवॉलनं वाट दिली आणि जे मशीन त्या वेळी चालू होतं, तेवढंच टूलला दिसतं. विंडोजवर डब्ल्यूएमआयसाठी (दुरून मशीनची माहिती विचारायची सोय) लोक १३५ पोर्ट उघडतात आणि थांबतात. पहिली हाक १३५ वर जाते, पण पुढचं बोलणं ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्याही पोर्टवर होतं. ते बंद असेल तर मशीन "सापडलं, तपशील नाही" अशा ढिगात पडतं. अहवालाच्या पहिल्या पानावर एकूण आकडा मोठा दिसतो आणि तो ढीग तिसऱ्या पानावर असतो. शक्य असेल तिथं विनआरएम (त्याच कामाची नवी सोय) वापरा, ५९८५ किंवा ५९८६ एवढाच पोर्ट लागतो. पिंगला उत्तर आलं तरच पुढं जायचं अशी सेटिंग असेल तर आणखी गळती, कारण विंडोजची फायरवॉल अनेक ठिकाणी पिंग अडवते.

दुसरा प्रकार दुहेरी नोंदींचा. डॉकिंग स्टेशनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) ओळख म्हणून धरला तर एका डॉकवर आळीपाळीनं बसणारे चार लॅपटॉप एकच उपकरण होतात. सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसींमध्ये सीरियल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" (निर्माता भरेल) एवढंच लिहिलेलं असतं. सीरियलवर जुळणी लावली की अशी ५० मशीन एकात विरघळतात. उलट दोन कार्डं आणि एक क्लस्टरचा पत्ता असलेला एकच सर्व्हर तीन वेळा मोजला जातो.

म्हणून टूलची यादी इतर याद्यांशी ताडून बघावी लागते: एडीमधली (विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली) कॉम्प्युटर खाती, अँटिव्हायरसचा कन्सोल, डीएचसीपीच्या लीज (आपोआप वाटलेल्या आयपी पत्त्यांच्या नोंदी), स्विचमधली मॅक टेबलं आणि बॅकअपचा कन्सोल. एडीतला शेवटच्या लॉगऑनचा शिक्का दोन आठवड्यांपर्यंत मागं असू शकतो, त्यामुळं १० दिवसांच्या फरकावरून मशीन मेलं असं ठरवू नका. माझा सर्वात जास्त विश्वास बॅकअपच्या यादीवर. ज्याचा बॅकअप घेतला जातो ते कोणालातरी हवं आहे.

पॅचकॉर्ड

@बाराखणी, मान्य. पण या पाचही याद्या यंत्रानंच तयार केलेल्या आहेत, यातली एकही माणसानं टाइप केलेली नाही. म्हणजे तुमचा मुद्दा एकाच टूलवर विसंबण्याविरुद्ध झाला. एक्सेलची बाजू त्यातून उभी राहत नाही.

डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न होता: हे आपल्या कुठल्या सर्व्हरवर आहे? हातानं भरलेल्या यादीत सॉफ्टवेअरचा रकानाच नसतो.

उंबरठा

@पॅचकॉर्ड, ते उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. डिस्कव्हरी टूल सॉफ्टवेअर ओळखतं ते विंडोजच्या रजिस्ट्रीवरून आणि लिनक्सच्या आरपीएम-डेब पॅकेजांच्या नोंदींवरून. लॉगफोरजे बहुतेक ठिकाणी तसं बसवलेलंच नव्हतं. ते वॉर फाइलच्या (जावा ॲपच्या गठ्ठ्याच्या) आतल्या जार फाइलमध्ये पडून होतं. ज्यांनी डिस्कव्हरीचा अहवाल बघून "आमच्याकडं नाही" म्हटलं, त्यांचं उत्तर चुकीचं असण्याची शक्यता मोठी होती. त्यासाठी डिस्कवरच्या फाइली उघडून आत बघणारं स्कॅन लागतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र पासवर्डचा आहे. टूल बसवणारा पहिल्या दिवशी डोमेन ॲडमिनचं (सगळ्या विंडोज मशीनवर पूर्ण हक्क असलेलं) खातं मागतो, कारण त्यानं सगळं पटकन दिसतं. मग ते टूल हे खातं घेऊन पट्ट्यातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार वाजवतं. त्या पट्ट्यात एक मशीन जरी दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असेल तरी त्याला काही फोडावं लागत नाही. एसएसएचवर (लिनक्समध्ये दुरून शिरायची सोय) पासवर्डनं लॉगिन होत असेल तर पासवर्ड साधा, जसाच्या तसा त्याच्या हातात जातो. विंडोजवर ती ओळखीची देवाणघेवाण पकडून दुसरीकडं वापरता येते.

करायचं असेल तर असं करा. लिनक्सला पासवर्डऐवजी एसएसएच की (डिजिटल किल्ली), आणि सुडोमध्ये (वाढीव हक्कानं आदेश चालवायची सोय) टूलला लागतात तेवढेच मोजके आदेश. विंडोजला प्रत्येक विभागाचं वेगळं खातं: सर्व्हरचं वेगळं, लॅपटॉपचं वेगळं. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन तपासणारे सर्व्हर) या स्कॅनमधून बाहेर. स्विचसारख्या उपकरणांची माहिती घेणाऱ्या एसएनएमपीचा तिसरा अवतार वापरा. दुसऱ्यात कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डासारखा शब्द) तारेवरून उघडी जाते आणि कित्येक स्विचवर ती अजून "पब्लिक" असते. सरसकट /१६ चा पट्टा देऊ नका. ते ६५,५३६ पत्ते झाले, त्यात काय काय बसलंय हे कोणालाच ठाऊक नसतं.

शिवाय तयार होणारा अहवाल म्हणजे घुसखोरासाठी आयता नकाशा. तो मेलवरून फिरतो हे थांबवा.

रात्रपाळी

कारखान्याच्या नेटवर्कबद्दल जोडतो. पुणे-चाकण पट्ट्यात जिथं ऑफिसचं आणि शॉपफ्लोअरचं नेटवर्क नीट वेगळं केलेलं नाही, तिथं सर्व्हरसाठी लावलेलं स्कॅन पीएलसीपर्यंत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत) पोचतं. जुन्या पीएलसीचं नेटवर्क कार्ड एकावेळी मोजक्या जोडण्या सांभाळतं. त्यावर पोर्टस्कॅन मारलं की ते अडकतं आणि लाइन थांबते. तिथं स्विचच्या स्पॅन पोर्टवर (जिथं इतर पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत मिळते) बसून नुसतं ऐकणारं साधनच लावा. प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर जे पाठवाल ते छापलं जातं, म्हणून एनमॅप हे स्कॅनचं टूलसुद्धा आवृत्ती ओळखताना तो पोर्ट आपणहून सोडतो. सगळी टूल्स सोडत नाहीत.

आता मायग्रेशनचा खरा गाभा: कोण कोणाशी बोलतं. इथं मला टूलवर आंधळा विश्वास धोक्याचा वाटतो. एजंटशिवायची पद्धत दर ५ मिनिटांनी त्या क्षणी उघड्या असलेल्या जोडण्या बघते. रोज रात्री एकदा, २ सेकंद उघडणारी जोडणी धरा. ती एका दिवशी सापडण्याची शक्यता ३०० त २, आणि ३० दिवसांत एकदाही न सापडण्याची ८० टक्क्यांच्या आसपास. बँकेला पेमेंटची फाइल ढकलणारी कामं नेमकी अशीच असतात.

तीस दिवसांची खिडकीही अपुरी. टीडीएसचा भरणा ७ तारखेला, पीएफ १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला, एवढं महिन्यात येईल. तिमाही टीडीएस विवरणपत्र येईलच असं नाही आणि ३१ मार्च तर नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा डेटा घेऊन फेब्रुवारीत कटओव्हर (जुनं बंद करून क्लाउडवर चालू) केला की वर्षअखेरीचं काम पहिल्यांदा क्लाउडवर धावतं, आणि ते ज्या जुन्या फाइलसर्व्हरकडं बघतं तो एव्हाना बंद केलेला असतो.

त्यामुळं टूलच्या जोडीला तीन गोष्टी हातानं कराव्याच लागतात. क्रॉनटॅब आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या याद्या) उतरवून घ्या. ॲप्लिकेशनच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये आयपी पत्त्यांचा नमुना देऊन ग्रेप (मजकूर शोधणारा आदेश) चालवा. टीएनएसनेम्स, ओडीबीसी आणि होस्ट्स फाइल (डेटाबेस आणि सर्व्हरचे पत्ते असलेली कॉन्फिग) यात हमखास काहीतरी सापडतं. आणि फायरवॉलचे किमान तिमाहीभराचे लॉग बघा, त्यात ती २ सेकंदांची जोडणीसुद्धा नोंदलेली असते.

पॅचकॉर्ड

@रात्रपाळी, फायरवॉलचा लॉग एकाच व्हीलॅनमधलं (नेटवर्कच्या एकाच कप्प्यातलं) बोलणं दाखवत नाही. ॲप आणि डेटाबेस शेजारी बसलेले असतील तर ते पॅकेट फायरवॉलपर्यंत येतच नाही. मग महत्त्वाच्या ४०-५० सर्व्हरवर एजंट टाका. तो बाहेर ४४३ वर बोलतो, @उंबरठा यांना नको असलेला पासवर्ड कुठं साठवावा लागत नाही.

उंबरठा

पासवर्ड नाही, पण एजंट सिस्टिम किंवा रूट हक्कानं चालतो आणि बाहेरून अपडेट घेतो. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा एजंटच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. मोजक्या सर्व्हरवर, आपोआप अपडेट बंद करून, मायग्रेशन संपेपर्यंतच टाकणार असाल तर माझी हरकत नाही. "राहू दे, पुढं उपयोगी पडेल" याला आहे.

ताळेबंद

तुम्ही सगळे सर्व्हरबद्दल बोलताय, ॲसेटबद्दल कोणी बोललं नाही. कंपनीच्या लेखी ॲसेट म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू. कारो २०२० (कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालाचा आदेश) प्रमाणं लेखापरीक्षक विचारतो की मालमत्तेच्या नोंदीत संख्या आणि ठिकाण आहे का, प्रत्यक्ष पडताळणी होते का. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हर आणि नेटवर्कचं आयुष्य ६ वर्षं, लॅपटॉप-डेस्कटॉपचं ३. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, एएमसी (वार्षिक देखभाल करार), कुठल्या विभागाच्या खर्चात, यातलं काहीच टूल पिंग करून आणू शकत नाही. कपाटात बंद पडलेला सुटा सर्व्हर त्याला दिसत नाही, पण पुस्तकात तो आहे. आणि व्हीएम त्याला दिसते, पुस्तकात ती नसते. दोन्ही याद्या हव्यात, मधला दुवा सीरियल नंबर. एक्सेल फेकायचं असेल तर आधी हे रकाने कुठं जाणार ते सांगा.

लायसन्सचंही ऐका. ओरॅकल एंटरप्राइझ डेटाबेस ८ इंटेल कोअरवर असेल तर ०.५ च्या कोअर फॅक्टरनं ४ प्रोसेसर लायसन्स लागतात. मान्यताप्राप्त क्लाउडवर तो फॅक्टर लागू नाही आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन व्हीसीपीयू) असताना २ व्हीसीपीयूला १ लायसन्स. तेच ८ कोअर म्हणजे १६ व्हीसीपीयू, म्हणजे ८ लायसन्स. दुप्पट. टूल मशीनचं भाडं सांगतं, हा आकडा त्याच्या अहवालात नसतो.

बाराखणी

सायझिंगबद्दल वाद नाही म्हणालो होतो, तेवढं मागं घेतो. सीपीयूचा हिशेब बरोबर आहे, मेमरीचा नाही. व्हीसेंटर व्हीएमच्या मेमरीचा जो वापर दाखवतो तो अलीकडं हात लागलेल्या पानांचा असतो. एसक्यूएल सर्व्हरनं ६४ जीबीतले ५६ बफरसाठी धरलेले असले तरी व्हीसेंटर १५ टक्के दाखवू शकतो, आणि टूल १६ जीबी सुचवतं. तिथं गेल्यावर प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाते. डेटाबेस आणि जावाच्या मशीनची मेमरी मशीनच्या आतून मोजा, बाहेरचा आकडा घेऊ नका.

तसंच अर्धं ॲप इकडं आणि डेटाबेस तिकडं ठेवण्याचं. एका स्क्रीनसाठी १,००० क्वेरी जात असतील तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या फेरीत अर्धा सेकंद लागतो. क्लाउडपर्यंतची फेरी ५ मिलिसेकंद धरली तर ५ सेकंद. टूलच्या नकाशात ती एकच रेघ असते, तिच्यावरून किती वेळा ये-जा होते ते रेघेवर लिहिलेलं नसतं.

पॅचकॉर्ड

@ताळेबंद, रकाने सीएमडीबीमध्ये (आयटीतल्या सगळ्या वस्तूंच्या नोंदींचा डेटाबेस) जातील. तांत्रिक रकाने फक्त टूल लिहील, माणसाला ते बदलता येणार नाहीत. मालक, खर्चविभाग, एएमसी, बिल हे माणूस लिहील आणि टूल त्यांना हात लावणार नाही. एकाच रकान्यात दोघं लिहायला लागले की रात्रीचं स्कॅन दिवसाची दुरुस्ती पुसतं.

मेमरीचा मुद्दा घेतला. "त्यावरूनच" हा शब्दही मागं घेतो. पण माझं मूळ म्हणणं कायम: यादीत ओळ जन्माला घालण्याचा हक्क माणसाला नको. क्लाउडवर गेल्यावर तर ते शक्यच नाही. ऑटोस्केलिंगमधलं (गरजेप्रमाणं आपोआप उभं राहणारं आणि मिटणारं) मशीन २० मिनिटं जगतं, आठवड्याच्या स्कॅनला ते कधी भेटणारच नाही. तिथं आयपी स्कॅन सोडून क्लाउडच्या एपीआयवरूनच नोंद घ्यावी, आणि मालकाचा टॅग नसेल तर मशीन उभंच राहू नये असा नियम लावावा.

रात्रपाळी

ओळ जन्माला घालण्याचा हक्क टूलला द्या, मारण्याचा नको. "३० दिवस वापर शून्य, बंद करा" या शिफारशीवर डिलीटचं बटण कोणी दाबू नये. आधी फक्त नेटवर्क कार्ड तोडा, मशीन चालू ठेवा. दोन आठवडे कोणाचा फोन आला नाही तर बंद करा, शेवटचा पूर्ण बॅकअप वेगळा काढून ठेवा आणि एक ३१ मार्च जाऊ द्या. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, ते मशीनच्याच डिस्कवर असतील तर आधी हलवा.

बाराखणी

@पॅचकॉर्ड, जन्माचा हक्क द्यायला तयार आहे, एका अटीवर. ज्या ओळीत मालकाचं नाव रिकामं आहे ती कुठल्याही मायग्रेशनच्या टप्प्यात घ्यायची नाही, टूलनं तिला कितीही हिरवा शेरा दिला तरी. कटओव्हरच्या रात्री २ वाजता "चालू झालं का बघा" असं विचारायला समोर कोणीतरी असावं लागतं.

पॅचकॉर्ड

अट मान्य. फक्त मालक शोधायला तीन आठवड्यांची मुदत ठेवा आणि ती उलटली की सर्व्हर रात्रपाळींच्या नेटवर्क तोडायच्या रांगेत टाका. नाहीतर अशा ६० ओळी प्रकल्प संपेपर्यंत तशाच पडून राहतात आणि त्यांच्यासाठी जुन्या डेटासेंटरचं भाडं चालू राहतं.