पोकेमॉनच्या फायररेड गेममध्ये जुगारी आतेभावाला हरवायचं कसं?

राजवाडाकर:
इंदूरला आत्याकडे आलोय, आतेभाऊ फायररेडमध्ये दोन गेम केबलने जोडून माझ्याशी लढतो आणि सरळ खेळतच नाही, त्याच्या पोकेमॉनचे ठरलेले डाव म्हणजे पिन्सिरचा गिलोटिन, ऱ्हायडनचा हॉर्न ड्रिल, डगट्रिओचा फिशर, लागला की आपला पोकेमॉन एका फटक्यात आडवा. रोज हरतो आणि रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) मी खिलवतोय. काय करू?

छप्पनवाला:
अरे त्याला नुसतं नशीब समजू नकोस, दोन्ही पोकेमॉनची लेव्हल सारखी असेल तर असा डाव ३० टक्के लागतो, म्हणजे तीनदा मारला तर एकदा तरी लागायचा चान्स ६५ टक्क्यांच्या वर! पण तुझी लेव्हल त्याच्यापेक्षा वर असेल तर लागतच नाही. आधी लेव्हल वाढव.

माळवी_ताई:
गेंगार घे ना. भूत आहे म्हणून गिलोटिन, हॉर्न ड्रिल लागत नाहीत आणि लेव्हिटेट या त्याच्या अ‍ॅबिलिटीमुळे (अंगच्या गुणामुळे) फिशरही नाही, तिन्ही बाद. हाँटर ट्रेड केला की त्याचा गेंगार होतो, पण ट्रेडला कोणी नसेल तर हाँटरही चालतो, मला तर तोच जास्त आवडतो. मॅग्नेटॉन घेतलास तर असे डाव अडवणाऱ्या स्टर्डी अ‍ॅबिलिटीवालाच बघ, त्याच्या दुसऱ्या अ‍ॅबिलिटीचा इथे उपयोग नाही.

राजवाडाकर:
ताई हाँटर आहे माझ्याकडे!! आज रात्रीच लढतो, मनापासून थँक्यू