मालक ठाण्यात, किल्ली पायपुसण्याखाली: रोजभाड्याच्या बंगल्यांना गावाने नियम लावावेत का?

पोफळीची_वाडी

अलिबागच्या दक्षिणेला समुद्राकाठी आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण गावातच मिटावं अशी इच्छा आहे. गेल्या ग्रामसभेत विषय निघाला की एक-दोन रात्रींसाठी भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांची पंचायतीकडे नोंद हवी, पाहुणे असतील त्या रात्री तिथे जबाबदार माणूस मुक्कामाला हवा आणि एप्रिल-मेमध्ये पोहण्याचा तलाव विहिरीच्या पाण्याने भरायचा नाही. दोन तास आरडाओरडा झाला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

माझं मत आधीच सांगतो, नियम हवेत. शेजारचा बंगला ठाण्याच्या एका गृहस्थांचा आहे. माणूस सज्जन. वर्षातून दोनदा येतात, येताना आईसाठी पेढे आणतात. बाकी कारभार फोनवर, किल्ली पायपुसण्याखाली. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पावणेदोनला आमची कडी वाजली. आई उठली. ओटीवर बर्म्युडातला एक पोरगा, ओलाचिंब, अंगाला साबण तसाच. "काकी, पाणी गेलंय. पंप कुठून चालू करायचा?" आता त्या पंपाचं बटण कुठे आहे ते आईला माहीत आहे, यातच सगळं आलं. चार वर्षं ती त्या बंगल्याची बिनपगारी राखणदार आहे. ॲपवर जागा आठ माणसांची दाखवली आहे. सकाळी मी दाराबाहेरचे चपलांचे जोड मोजले, एकवीस.

आवाज एक वेळ सहन करू. पाण्याचं काय? आमच्याकडे गोडं पाणी वरच्या थरात असतं. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, विहीर मचूळ होते आणि मचूळ पाण्यावर पोफळ तग धरत नाही. एक तलाव भरायला चाळीस हजार लिटर लागतात. तेवढ्यात आमची वाडी किती दिवस भिजते ते एकदा या आणि बघा.

आणि हे काही आमचं खूळ नाही. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचं असतं, खोल्या जास्तीत जास्त सहा. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेतही 'होम स्टे'ची मुभा आहे ती स्थानिक लोकांना, त्यांच्या असलेल्या घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. राहतं घर वेगळं आणि घराच्या वेषातलं हॉटेल वेगळं, हे सरकारलाही कळतं.

हप्ता_भरणारा

मी त्या ठाणेकरांच्याच पंथातला, फक्त डोंबिवलीचा. प्रॉव्हिडंट फंड मोडून आणि वर कर्ज काढून बंगला बांधला. सातबारा माझ्या नावावर, घरपट्टी वेळेवर. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही हे मान्य. पण 300अ कलम आहे अजून, कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. माझ्या घरात कोण, किती रात्री झोपणार हे ग्रामसभेत हात वर करून ठरवायचं, याला कायदा म्हणत नाहीत.

आवाजाचा त्रास होतो? 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. करा तक्रार. आहेत ते नियम वापरायचे नाहीत आणि नवे मागायचे! नवा नियम म्हणजे नवी सही, आणि सही कशी मिळते ते मी सांगायला नको.

शेवटचं, जरा कडू आहे. आम्हाला जमिनी विकल्या कोणी? भाव येत होता तेव्हा गावाने पेढे वाटले. तेव्हा पोफळी आठवल्या नाहीत?

पोफळीची_वाडी

तक्रार केली होती. शनिवारी रात्री पोलीस ठाण्यात दोन हवालदार आणि आठ गावं. गाडी साडेतीनला आली, तोवर पोरं झोपली होती.

जमीन विकली हे खरं. माझ्या चुलत्यानेच विकली. पाणी विकलं नव्हतं.

हप्ता_भरणारा

विहीर माझ्या हद्दीत आहे.

पोफळीची_वाडी

विहीर तुमच्या हद्दीत, झरा नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे 1982 पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे, पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांनाही लागू. तरी आमच्या वाड्यावर नोंद नसलेली घरं मी बोटांवर मोजून दाखवतो, दोन्ही हातांची पुरत नाहीत. कागद करून काही होत नाही, दारावर जाऊन बघणारा माणूस लागतो. तुमच्या पंचायतीत ग्रामसेवक किती, शिपाई किती?

दूरदेशी

जग याच दिशेने चाललंय. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुक्काम द्यायचा तर नोंदणी हवी, यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलं की 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने बंद. जपानमध्ये वर्षाला 180 दिवसांची मर्यादा.

हप्ता_भरणारा

न्यूयॉर्क-बार्सिलोनात स्थानिकांना राहायला घर मिळत नाही म्हणून ते नियम आले. इथे रोग वेगळा, औषध तेच कसं चालेल? आणि दोन पाहुणे म्हणजे! आमच्याकडे दोघं निघाली तरी सोबत आजी, आत्या आणि आत्याचा दीर येतो.

चार_खोल्या

दोघांनाही बोलणार आहे.

आमच्या चार खोल्या आहेत, मागच्या पडवीला जोडून. जेवण मी करते, सासूबाई सोलकढी बघतात. नोंदणीचा बाऊ करू नका. मागे एक जर्मन जोडपं आलं होतं. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, तेव्हा त्याला सी फॉर्म म्हणायचे, तो मी मोबाइलवर भरला. बारावी नापास आहे मी. डोंबिवलीकरांना काय जड आहे?

पण वाडीवाल्या दादांनी सांगितलेला 'मालक राहायलाच हवा' हा नियम मला मारणार. लेकीच्या बाळंतपणाला मी दोन महिने पनवेलला होते, खोल्या जाऊबाईंनी सांभाळल्या. तुमच्या नियमाने मी तेव्हा खोल्या बंद ठेवायच्या होत्या का? मालक नको म्हणा, माणूस म्हणा. नावानिशी, गावातला, हाकेच्या अंतरावर, आणि त्याला पगार.

पोफळीची_वाडी

ताई, ठरावात 'जबाबदार माणूस' असंच आहे. मालकाचं ते मी केंद्राच्या योजनेतलं लिहिलं, पण वाचताना तसं वाटू शकतं, मान्य.

हप्ता_भरणारा

माणूस ठेवायला माझी ना नाही. बारा महिन्यांचा पगार परवडत नाही, पावसाळ्यात बंगला रिकामा असतो. पाहुणे असतील तेवढ्या रात्रींचे देईन. तलावाचं म्हणाल तर मी टँकर मागवतो.

चार_खोल्या

टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते विचारलंत कधी?

हप्ता_भरणारा

नाही विचारलं. विचारतो.

आणि पोफळीची_वाडी, पुढच्या सभेला मी येतोय, गेल्या वेळी नोटीस डोंबिवलीच्या पत्त्यावर आलीच नव्हती. तुमच्या ठाणेकरांनाही घेऊन येतो. तोवर एक विचारा, राखणदारीचे आई महिन्याला किती घेतील?

पोफळीची_वाडी

विचारलं. म्हणाली, "पंधरा हजार, आणि मे महिन्यात तलाव कोरडा."