प्रश्न क्रमांक ७

अपूर्वाची आई: १५ ऑगस्टच्या मुलांच्या प्रश्नमंजुषेचा कच्चा खर्डा टाकला आहे. विषय : स्वातंत्र्यलढ्यातले डॉक्टर. सगळ्यांनी एकदा बघून घ्या.
प्रश्न ७ : १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगिजांची सभाबंदी मोडणारे डॉक्टर कोण? उत्तर : राममनोहर लोहिया.

सेक्रेटरी काका: छान 👍 पोह्यांची ऑर्डर मंगळवारी द्यायची आहे. प्रत्येक फ्लॅटने माणसं कळवा.

आजी ए-४०१: अगं, लोहिया पीएचडीवाले डॉक्टर! बर्लिनला मिठाच्या सत्याग्रहावर प्रबंध लिहिला होता. त्यांना नाडी कुठे बघता येत होती?

बी-२०३: 😂 मग प्रश्न बाद?

आजी ए-४०१: प्रश्न बरोबर आहे, उत्तर बदला. लोहियांच्या शेजारी त्या दिवशी खराखुरा डॉक्टर उभा होता, ज्युलियांव मेनेझिस. बर्लिनपासूनचे मित्र. लोहिया १९४६ मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा प्रकृती पार खालावलेली. मेनेझिस म्हणाले, माझ्या गावी चला, असोळण्याला. आले होते विश्रांतीला. पण गोव्यात सभा, भाषण, छापणं सगळ्याला परवानगी लागते हे बघून पेशंटही गप्प बसेना आणि डॉक्टरही. भर पावसात माणसं जमली. दोघांनाही अटक झाली. मडगावच्या त्या मैदानाला नाव मात्र एकट्या लोहियांचं. असो.

अपूर्वाची आई: अपूर्वा विचारते आहे, मग यात त्यांनी डॉक्टर म्हणून काय केलं? मित्राला घरी नेलं, इतकंच ना?

आजी ए-४०१: हुशार आहे पोर. तिला सांग, मग म्हापशाचे डॉ. पुंडलिक गायतोंडे घे. लिस्बनला शिकलेले सर्जन, बायको पोर्तुगीज. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका पोर्तुगीज न्यायाधीशासाठी मेजवानी होती. तिथे कुणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच असं बोललं. गायतोंडे म्हणाले, माझा निषेध. तेवढ्यावर पकडून थेट पोर्तुगालला नेलं.

सेक्रेटरी काका: एका शब्दासाठी?

आजी ए-४०१: तिथे लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे, भाऊ! शिवाय हे गुपचूप पत्रक वाटणारं कुणी पोर नव्हतं. साहेबांच्या पंगतीत बसणारा सर्जन होता. डॉक्टर होता म्हणूनच तर आमंत्रण होतं, आणि म्हणूनच तो शब्द झोंबला. यांचं तर सगळं आमच्यासारखं आहे, असं समजून बसले होते पोर्तुगीज.

बी-२०३: आपल्या इंदूरच्या बाजूचं कुणी नव्हतं का गोव्याच्या लढ्यात? उज्जैनचे राजाभाऊ महाकाल होते ना?

आजी ए-४०१: हो तर. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळी लागून गेले. सागरच्या सहोद्राबाई राय त्यातच जखमी झाल्या. पण ते डॉक्टर नव्हेत, मंजुषेत बसणार नाहीत. निवेदनात घ्या. तारीखही तीच आहे, आणि उज्जैन इथून तासाभरावर. इंदूरच्या मुलांना तेवढं तरी ठाऊक असू दे.

अपूर्वाची आई: घेते. आणि गायतोंड्यांचं पुढे काय झालं?

आजी ए-४०१: १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटलं. १९६२ मध्ये लोकसभेवर गेले.

अपूर्वाची आई: नवा प्रश्न ७ : लोहियांना विश्रांतीसाठी असोळण्याला नेणारे डॉक्टर कोण? प्रश्न ८ : मेजवानीत निषेध केला म्हणून अटक झालेले सर्जन कोण? अपूर्वाचा अजून एक प्रश्न आहे. गायतोंडे ते मराठीत म्हणाले की कोकणीत?

आजी ए-४०१: पोर्तुगीजमध्ये. ज्यांना ऐकवायचं, त्यांना कळायला नको?

बी-२०३: 👏👏

सेक्रेटरी काका: दोन्ही प्रश्न मंजूर. पोह्यांचा आकडा अजून एकाही फ्लॅटने दिलेला नाही. आणि हो, नर्मदेचं पाणी उद्या येणार नाही, टाक्या आजच भरा.